मिरवणुकीत काय वाजवायचं?

(जयंतीच्या तयारीसाठी वस्तीतल्या वाचनालयात जमलेल्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. दोन-चार शिव्या तेवढ्या काढल्या.)



आज पहिल्या पाळीला गोदीत साखरेच्या गोणी होत्या. घरी जाऊन अंघोळ करायला वेळ मिळाला नाही, तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी तेवढं चालवून घ्या. माझं शिक्षण मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण माझी आजी शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणायची आणि तिच्या तोंडून ते मोठं वाटायचं. कविता लिहितो. तुमच्यातल्या काहींनी त्या ऐकल्यात, काहींनी सोसल्यात. आज कविता नाही. मंडळानं सांगितलं, चार वर्षं तू जयंतीच्या ट्रकवर उभा राहतोस, तर डीजेची तयारी कशी करायची, गर्दीसाठी गाणी कशी निवडायची ते नव्या पोरांना सांग. ते सांगतो.

पण आधी एक बोलू द्या. मघाशी तासभर मी मागं बसून तुमची बैठक ऐकत होतो. बेस किती, टॉप किती, शेजारच्या मंडळानं आठ आणले तर आपण बारा आणायचे, लेझर आणायचा का, वर्गणी कुठून काढायची. तासाभरात एकानंही विचारलं नाही की वाजवायचं काय. खोके ठरले, खोक्यातून काय बाहेर पडणार ते ठरलं नाही. बाबासाहेबांच्या जन्मदिवशी आपण रस्त्यावर येतो, लाखोंनी येतो, आणि आपण काय बोलणार ते आयत्या वेळी कुणाच्या तरी मोबाइलवरून ठरतं. याचा मला राग आहे. माझ्यावरही आहे, कारण दोन वर्षं मीही तेच केलं.

मी हे काम शिकलो ते केबली उचलून. वस्तीतला एक मामा लग्नाच्या वराती वाजवायचा. सोळाव्या वर्षापासून मी त्याच्या टेम्पोवर वायरी गुंडाळायला जायचो. त्यानं दोन वर्षं मला मिक्सरला हात लावू दिला नाही. म्हणायचा, आधी बघायला शीक. मला वाटायचं, जळतोय साला. पण तो बरोबर होता. बटणं आठवड्यात येतात.

मिरवणुकीच्या डीजेची तयारी लॅपटॉपपुढं सुरू होत नाही, रस्त्यावर सुरू होते. जयंतीच्या पंधरा दिवस आधी मी सगळा रस्ता पायी चालतो, ज्या वेळेला मिरवणूक निघते त्याच वेळेला. हातात वही. पहिल्यांदा वर बघायचं. तारा. ट्रकवर बेसचे थर, त्यावर टॉप, त्यावर झेंडा धरून एक पोरगा, अशी एकूण उंची टेपनं मोजायची आणि रस्त्यावरची सगळ्यात खालची तार कुठं आहे ते लिहून ठेवायचं. मिरवणुकीच्या गाडीला तार लागून पोरं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्या पोराला खाली उतरवा. झेंडा जमिनीवरूनही दिसतो. जनरेटर वेगळ्या गाडीवर, अर्थिंग बघून. खांबावर आकडा टाकून भागवू म्हणणार्‍यानं माझ्याशी बोलू नये.

मग वहीत दवाखाना. त्याच्याभोवतीचे १०० मीटर मी लाल रेघेनं आखतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शांतता क्षेत्र तेवढं धरलंय, पण नियम नसता तरी रेघ मारली असती. तिथं पडलेले पेशंट आपलेच असतात, पैसेवाले दुसरीकडं जातात. मग गल्ल्यांची रुंदी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. आपल्या गल्लीत तो असा उतरत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येतो, पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी खाली येतात. म्हणजे मैदानातला सेट जसाच्या तसा गल्लीत चालवणारा डीजे आंधळा म्हणायचा. बहिरा तर होणारच आहे.

आता यादी. हॉलमधल्या डीजेपुढं तीच माणसं तीन-चार तास असतात. त्याला गर्दी हळूहळू चढवता येते, मध्ये दम देता येतो, पुन्हा चढवता येते. मिरवणुकीचं तसं नाही. ट्रकपुढं नाचणारी पोरं तीच राहतात, पण दारात, गॅलरीत, नाक्यावर उभी असलेली माणसं दर दहा मिनिटांनी नवी. खिडकीत बसलेल्या म्हातार्‍याच्या वाट्याला आपली अख्खी जयंती दहा मिनिटं येते. त्या दहा मिनिटांत त्याला काय ऐकू आलं? म्हणून मी यादी तासांवर करत नाही, चौकांवर करतो. अमक्या नाक्यापासून तमक्या नाक्यापर्यंत हे, तिथं गाडी थांबणार तेव्हा हे. प्रत्येक चौकात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय असं समजायचं.

आणि यादी शेवटाकडून लिहायची. हे मला गोदीनं शिकवलं. जहाजात माल भरताना जो शेवटच्या बंदरात उतरायचा तो आधी तळाशी जातो. तसं मी आधी ठरवतो, पुतळ्यापाशी पोचल्यावर शेवटचं गाणं कोणतं. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. नाहीतर होतं काय, पहिल्या तासातच सगळी जड गाणी वाजवून टाकायची आणि पुतळ्यापाशी आलं की हातात उरतं कुठलंतरी सिनेमातलं.

बाकी बारीकसारीक पटापट सांगतो. पेनड्राइव्ह दोन, दोन्हींवर तेच. गाणं मूळ घ्या, कुणीतरी रिमिक्स करून टाकलेलं नको. त्या रिमिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला त्याचं स्वतःचं नाव घुसवलेलं असतं. आपल्या जयंतीत, आपल्या वर्गणीत, तिसर्‍याच गावच्या डीजेचा जयजयकार. गाणं कुठून सुरू करायचं ती खूण आधीच करून ठेवा आणि हेडफोनवर ऐकल्याशिवाय काहीही बाहेर सोडू नका. दोन गाण्यांच्या ठेक्यात फार फरक असेल तर मध्ये नुसती हलगी घ्या, ती कशालाही कशाशीही जोडते. पण ९० ठोक्यांचं गाणं ओढूनताणून १३० वर नेऊ नका. गाणार्‍याचा पोपट होतो.

आता बघण्याचं. मामा म्हणायचा ते. नवा डीजे ट्रकच्या अगदी पुढ्यात नाचणार्‍या वीस पोरांकडं बघतो. त्यांच्याकडं बघून काही कळत नाही, ती जनरेटरच्या आवाजावरही नाचतील. बघायचं कडेला. कडेच्या माणसाचा पाय हलतोय का. बायका कुठं आहेत. एखादं गाणं सुरू झालं आणि बायका हळूच मागं सरकल्या, पोरींना हाताला धरून फुटपाथवर घेतलं, तर ते गाणं चुकलं. पुढची वीस पोरं कितीही उड्या मारोत, चुकलं. २०२३ ला मी एक सिनेमातलं गाणं लावलं. पोरांनी मागितलं होतं. दोन मिनिटांत ट्रकभोवती एक बाई उरली नाही. नंतर मीराताई, म्हणजे आमच्या चाळीतल्या महिला मंडळाच्या, मला म्हणाल्या, ‘‘बाबासाहेबांनी आम्हाला रस्त्यावर आणलं, तू पुन्हा घरात पाठवलंस.’’ मी काय उत्तर देणार? त्या गाण्याला मी अजून हात लावलेला नाही.

ही विद्या आली कुठून, तेही माहीत असू द्या, कारण ती कुठल्या साहेबाच्या क्लबातून आलेली नाही. वेस्ट इंडीजमध्ये जमैका. तिथलं किंग्स्टन बंदर. १९५० च्या आसपास तिथल्या गरीब काळ्या माणसाला हॉटेलातल्या बँडपुढं नाचायला कोण घेणार? तेव्हा त्यांनी रस्त्यावर, मोकळ्या अंगणात कपाटाएवढे स्पीकर उभे केले आणि अमेरिकेतून आलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्या वाजवायला सुरुवात केली. त्याला ते साउंड सिस्टिम म्हणायचे. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड असे एकेक मालक. त्यांच्यात अशी चुरस की दुसर्‍याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायचे. आपल्या मंडळांची चुरस खोक्यांची, त्यांची गाण्यांची. हा फरक लक्षात घ्या. आणि तिथं तबकड्या निवडणार्‍याला स्वतंत्र नाव होतं, सिलेक्टर. निवडणारा. बटण फिरवणारा नाही, निवडणारा.

त्या किंग्स्टनच्या धक्क्यावर गॅरेजमध्ये कीथ कॅम्पबेल नावाचा फोरमन होता. गोदीचा माणूस, म्हणून मला तो जवळचा. त्याचा पोरगा क्लाइव्ह १९६७ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. पुढं तो डीजे कूल हर्क झाला. ११ ऑगस्ट १९७३, इमारतीच्या सामायिक खोलीत बहिणीनं पार्टी ठेवली, शाळेचे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून. पोरींना २५ सेंट, पोरांना ५० सेंट. हर्कनं आधी जमैकाची गाणी लावली. लोक हलेनात. त्यानं लगेच बदललं, तिथल्या काळ्यांचं सोल आणि फंक लावलं. आणि त्या सुमारास त्यानं आणखी एक बघितलं. नाचणारे गाण्यातल्या एका तुकड्याची वाट बघतात, जिथं गाणारा थांबतो आणि नुसता ड्रम राहतो. तो तुकडा चार-पाच सेकंदांचा. त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच, तोवर पहिली मागं फिरवायची. त्यातून अख्खी हिपहॉप जन्माला आली.

आता आपले हुशार रिमिक्सवाले म्हणतील, आम्हीही तेच करतो. नाही करत. हर्कनं त्याच्या लोकांकडं बघितलं. तुम्ही हर्ककडं बघता. त्याचे लोक ड्रमची वाट बघत होते. आपले लोक कशाची वाट बघतात? शाहिराचं गाणं आठवा. ध्रुवपद येतं, सगळे उचलतात. मग शाहीर एकटा अंतर्‍यात जातो. तिथं तो सांगतो, काय घडलं, कुणी केलं, कुणाच्या पोटावर पाय आला, बाबासाहेबांनी काय केलं. लोक श्वास धरून बसतात. अंतरा संपता संपता शाहीर हात वर करतो आणि झिलकरी पुन्हा ध्रुवपदावर पडतात, तेव्हा माणसं उसळतात. ती उसळी अंतर्‍याची असते. रिमिक्सनं काय केलं? अंतरा कापला. ध्रुवपदाचे चार शब्द ठेवले आणि ते बेसवर आपटत बसले. गाण्यातला मुद्दाच काढून टाकला, उरली घोषणा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. मोठेपणी अक्षरं शिकलेला माणूस, आणि गाणी लिहिली हजारोंनी. त्यांचा अंतरा कापायचा अधिकार तुला कुणी दिला, बाबा?

आवाजाचं बोललं पाहिजे. मला माहीत आहे, आवाज कमी करा म्हटलं की तुम्ही म्हणणार, हा पण वर्तमानपत्रवाल्यांसारखं बोलायला लागला. नाही. वर्षभर वराती, उद्घाटनं, आमक्याचा वाढदिवस, तमक्याची मिरवणूक वाजत असते, आणि १४ एप्रिल आला की काहींचे कान दुखायला लागतात, हे मलाही दिसतं. आपल्या गाण्याचा आवाज कुणाला खुपतो ते मला शिकवू नका. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका कोवळ्या पोराच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण झालं आणि त्याला मारून टाकलं. मोबाइलचा आवाज तो केवढा! तेव्हा आपला आवाज मोठा का झाला हे मला कळतं. पिढ्यानपिढ्या दबलेला गळा एकदम मोकळा झाला की असंच होणार.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. गळा आपला मोकळा झाला की भाड्याच्या खोक्याचा?

बेसचं गणित साधं आहे. बेसची लाट लांब असते. ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर. ती भिंतीला वळसा घालते, दारातून, पत्र्यातून घुसते, छातीत बसते. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, क, त, स, प, ज्यांच्यामुळं शब्द कळतो, ती फार वरच्या कंपनांची आणि नाजूक. खालचा जड आवाज वरच्या आवाजाला गिळतो. म्हणून दूरच्या गल्लीत फक्त धप-धप पोचतं. ‘भीम’ पोचत नाही. आणि पैशाचं गणित ऐका. वॉट दुप्पट केले, म्हणजे भाडं दुप्पट, तर आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला जेमतेम कळेल एवढा. शेजारच्या मंडळाला हरवायला तुम्ही जी वर्गणी जाळता ती या ३ डेसिबलसाठी. उलट कानाचं बघा. ८५ डेसिबलला आठ तास काम चालतं असं कामगारांच्या सुरक्षेचं प्रमाण सांगतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० वर पोचलात की पंधरा मिनिटं. ट्रकपुढं आपली पोरं पाच-पाच तास असतात, लहान पोरं खांद्यावर घेऊन. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कुणाच्या बापाच्यानं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०२४ ची जयंती रविवारी होती. त्या दिवशी मी पेटलो होतो. समोर तुफान गर्दी, मी बेस चढवतोय, अंतरे कापतोय, ध्रुवपदावर ध्रुवपद. आमच्या चाळीच्या तोंडाशी ट्रक आला तेव्हा आजी गर्दीतून वाट काढत पुढं आली. पंचाऐंशीच्या आसपासची बाई, पांढरं लुगडं. मला हात करून काहीतरी सांगत होती. मला वाटलं खूश आहे, आणखी वाढव म्हणते. मी वाढवला. ती तशीच उभी राहिली आणि मग कानांवर हात ठेवून मागं फिरली. रात्री जेवताना मला म्हणाली, ‘‘बाळा, समदं चांगलं व्हतं. पर शबुद कुठं गेलं रं?’’

ती लहानपणी गावात जलसा बघितलेली बाई. जलसाकारांकडं माइक कुठला? एक गॅसबत्ती, डफ, ढोलकी, तुणतुणं आणि गळा. आणि गावकुसाबाहेरच्या अख्ख्या वाड्याला शब्द कळायचा. मला म्हणाली, एक गाणं होतं, बाबासाहेब गाडीतनं उतरतात असं, ते लाव पुढच्या साली. मी म्हटलं, लावतो. कोणतं ते विचारलंसुद्धा नाही. कानात गुंईं चाललं होतं, तिचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं.

दुसर्‍या दिवशी सोमवारी पहिली पाळी. कानात तीच गुंईं. खाली होल्डमध्ये आमची टोळी, वर हॅचच्या तोंडाशी सिग्नलवाला. आमच्यात ‘हाबेस’ म्हणजे वर घे, ‘आरिया’ म्हणजे सोड खाली. तो हातानं दाखवतो आणि ओरडतोही, कारण वाकलेल्या माणसाला हात दिसत नाही. मी वाकलेलो होतो. तो ‘आरिया’ ओरडला, शिट्टी मारली. मला काही नाही. बाजूच्या एका काकांनी माझ्या कॉलरला धरून मागं ओढलं, तेव्हा मला सावली दिसली. लोखंडाचा बोजा मी उभा होतो तिथं टेकला. काकांनी कानफटात दिली. ती मात्र ऐकू आली.

तुम्ही हसता. हसा. पण आपण कोण आहोत? गोदीत, बांधकामावर, कारखान्यात, गटारात उतरणारे. आपण कानावर जगतो. वरून कुणीतरी ओरडतो आणि आपण वाचतो. जो कान वाचवतो तोच आपण वर्षातून एकदा उत्साहानं फोडून घ्यायचा?

त्यानंतर मी आजीचं गाणं शोधायला लागलो. नेटवर नाही. मामाकडं नाही. आजीला पूर्ण येत नव्हतं, दोन ओळी गुणगुणायची आणि थांबायची. विचारत विचारत म्हातार्‍या माणसांकडं गेलो तेव्हा कळलं की आपल्याकडं केवढं पडलंय. एकाकडं कॅसेटी, पावसात भिजलेल्या. एकाकडं हातानं लिहिलेली वही. बायकांकडं तर जात्यावरच्या ओव्या, त्यात बाबासाहेब भाऊ म्हणून येतात, रमाई वहिनी म्हणून येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात भीमाच्या ओव्या कितीतरी. पुण्यामुंबईच्या पंडितांना सापडल्या त्या आम्हा डीजेंना घरात असून दिसल्या नाहीत. विलास घोगरेंचा आवाज ‘हमारा शहर’ या १९८५ च्या फिल्ममध्ये आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा माणसं गोळीबारात मेली, चार दिवसांनी या शाहिरानं स्वतःला संपवलं. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले. ही माणसं गाणं असं धरून होती. आणि आपल्या पेनड्राइव्हवर काय आहे?

गाणं मला सापडलं नाही. आजी २०२५ च्या पावसाळ्यात गेली.

त्याआधी त्या वर्षीच्या जयंतीला मी एक प्रयोग केला. तो पूर्ण जमला असं सांगणार नाही. सहा चौक निवडले. चौकात गाडी थांबली की बेस पूर्ण बंद, आवाज निम्म्याच्या खाली, आणि एक अख्खं गाणं, सगळ्या अंतर्‍यांसकट. पहिल्या चौकात पोरांनी बोंबा मारल्या, कुणीतरी बाटली फेकली. दुसर्‍यात मीच घाबरून अर्ध्यावर बेस सोडला. तिसर्‍या चौकात चूक कळली. धप-धप चालू असताना एकदम खाली आणलं तर कान सुन्न असतात, शब्द घ्यायला तयारच नसतात. म्हणून आधी दोन मिनिटं नुसती हलगी, मग फक्त ढोलकी, मग आवाज. चौथ्या चौकात कडेच्या म्हातार्‍या बायकांनी ध्रुवपद उचललं. पुढची पोरं मागं वळून बघायला लागली, कोण गातंय म्हणून. पाचव्यात पोरांनी उचललं. सहाव्या चौकात वेळ संपली, दहा वाजले, पोलिसांनी बंद केलं. म्हणजे पुतळ्यापाशीचं माझं शेवटचं गाणं राहूनच गेलं, ज्याच्यावरून सगळी यादी मागं लिहीत आणली होती ते. मामा म्हणाला, चौकात थांबण्याचा वेळ धरला नव्हतास, दुसरं काय.

तेव्हा या वर्षासाठी माझं मागणं असं. खोके सहाच. उरलेल्या पैशात माइक चांगला आणि मधल्या आवाजाचे स्पीकर चांगले, ज्यांच्यातून शब्द निघतो. लेझर नको, डोळ्यांना इजा होते. जो भाऊ निवडणुकीला उभा राहणार आहे आणि पाच खोक्यांचे पैसे देतो म्हणतो, त्याचे पैसे घेऊ नका. तो दर चौकात स्वतःचं नाव वाजवायला सांगेल आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. पोरी दोन तरी ट्रकवर पाहिजेत, नुसत्या उभ्या राहायला नाही, निवडायला. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी आता भांडा, १४ तारखेला ट्रकखाली उभं राहून भांडू नका, तिथं मला ऐकू येणार नाही.

आणि या रविवारी आपापल्या घरातल्या कॅसेटी घेऊन या. टेपरेकॉर्डर माझ्याकडं आहे, पट्टा नवा टाकलाय. कॅसेट नसेल तर आजीला घेऊन या, आजोबांना आणा. चढायला जिना अवघड आहे, तर मी घरी येतो. रविवारी दुसरी पाळी नाही, दुपारी तीननंतर मोकळा आहे. बाबासाहेब गाडीतनं उतरतात असं गाणं कुणाच्या घरात येत असेल तर मला आधी सांगा.

जयभीम.